प्लास्टिकचे अस्तर असलेला कागद : रद्दीत का चालत नाही आणि ओळखायचा कसा?

चहाचा कागदी कप, मिठाईचा चकचकीत खोका, लग्नाच्या पंगतीतील चंदेरी पत्रावळ, गुळगुळीत लग्नपत्रिका. पाहणाऱ्याला या वस्तू कागदाच्या वाटतात, दुकानात त्या कागदाच्या म्हणूनच विकल्या जातात आणि घरोघरी त्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याशेजारी, पुष्कळदा त्या गठ्ठ्यातच, ठेवल्या जातात. रद्दीचा व्यापारी मात्र त्या वेगळ्या काढतो. त्याच्या लेखी तो कागद नव्हे, आणि त्याचे बरोबर आहे. या प्रत्येक वस्तूच्या एका किंवा दोन्ही अंगांना प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो थर चिकटलेला असेपर्यंत आतला कागद साध्या कागद गिरणीच्या उपयोगाचा नसतो.

हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही. भारतातील कागद उद्योगाच्या कच्च्या मालात रद्दीचा वाटा लाकूड आणि शेतीतील अवशेष यांच्यापेक्षा मोठा आहे. देशात गोळा होणारी रद्दी पुरत नाही म्हणून ती परदेशांतूनही आयात केली जाते. अशा देशात चांगल्या रद्दीत मिसळलेला अस्तराचा कागद स्वतः तर वाया जातोच, शिवाय आजूबाजूच्या कागदाची किंमतही कमी करतो. उघड प्लास्टिक एका नजरेत ओळखू येते आणि बाजूला काढता येते. अस्तराचा कागद कागदाच्या रूपात गिरणीच्या दारापर्यंत पोहोचतो, आणि खरी अडचण तेथून सुरू होते.

पाण्यात उलगडणारे तंतू

ती अडचण समजण्यासाठी साध्या कागदावर पुनर्प्रक्रिया कशी होते हे आधी पाहावे लागते. कागद म्हणजे सेल्युलोजच्या बारीक तंतूंची एकमेकांत गुंतलेली चटई. हे तंतू लाकूड, बांबू, उसाचे चिपाड, गव्हाचा पेंढा अशा पदार्थांपासून मिळतात. भरपूर पाण्यात कालवलेला तंतूंचा लगदा बारीक जाळीवर पसरतात, पाणी निथळू देतात, दाब देऊन तो वाळवतात आणि कागद तयार होतो. तंतू परस्परांना धरून राहावेत यासाठी मुळात डिंक लागत नाही. शेजारच्या दोन तंतूंमध्ये निर्माण होणारे हायड्रोजन बंध ते काम करतात.

या बंधांचा एक गुण पुनर्प्रक्रियेच्या पथ्यावर पडतो. कोरड्या अवस्थेत ते मजबूत असतात, पाणी आत शिरले की सैल होतात. पावसात भिजलेले वर्तमानपत्र हातात धरताच तुटते ते याच कारणाने. कागद गिरणी हेच तत्त्व वापरते. रद्दी एका प्रचंड टाकीत पाण्यासह टाकली जाते. हायड्रापल्पर नावाच्या या टाकीच्या तळाशी फिरते पाते असते आणि तिचे काम घरातल्या मिक्सरसारखे चालते. वर्तमानपत्र किंवा वहीचा कागद तिच्यात काही मिनिटांत विरघळल्यासारखा होतो. प्रत्यक्षात काहीच विरघळत नाही, केवळ तंतू एकमेकांपासून सुटे होतात. पुढे चाळण्यांमधून, वाळू आणि टाचण्या वेगळ्या करणाऱ्या यंत्रांमधून आणि गरज असल्यास शाई काढण्याच्या टप्प्यातून हा लगदा जातो आणि पुन्हा जाळीवर पसरतो. प्रत्येक फेरीत तंतू थोडे आखूड आणि दुबळे होतात. तरीही एक तंतू साधारणपणे पाच ते सात वेळा वापरता येतो, असे मानले जाते.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया एकच आहे. पाणी तंतूंपर्यंत पोहोचले पाहिजे. कागदावर प्लास्टिक चढवले जाते ते नेमके पाणी तंतूंपर्यंत पोहोचू नये म्हणून.

अस्तर कशासाठी आणि कसे

केवळ कागदाचा कप चहा ओतल्यानंतर थोड्याच वेळात मऊ पडून गळू लागेल. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत एकदाच वापरायचे कागदी कप आले. रेल्वे स्थानकांवर आणि शाळांमध्ये सर्वांनी एकाच भांड्याने पाणी पिण्याच्या प्रथेतून रोग पसरतात, ही जाणीव त्यामागे होती. त्या काळातील कपांना मेणाचा हात दिलेला असे. मेण गरम पेयात वितळते, त्यामुळे चहा-कॉफीसाठी ते कामाचे नव्हते. १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिथिनचा शोध लागला आणि पुढे काही दशकांत कागदी कपाच्या आतून मेण जाऊन पॉलिथिन आले. आज सर्वत्र दिसणारा कागदी कप तो हाच.

अस्तर चढवण्याची रीत पाहिली की ते सहज का निघत नाही हे कळते. सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवलेल्या पॉलिथिनचा पातळ पडदा सरकत्या पुठ्ठ्यावर सोडला जातो आणि लगेच दोन रुळांमध्ये दाबला जातो. वितळलेले प्लास्टिक तंतूंच्या फटींत शिरून तेथेच थिजते. म्हणजे ते पुठ्ठ्यावर नुसते ठेवलेले नसते, तंतूंमध्ये रुतलेले असते. या थराची जाडी बहुधा २० मायक्रॉनच्या आसपास असते, माणसाच्या केसापेक्षा कमी. कपाच्या वजनात प्लास्टिकचा वाटा साधारण ५ ते १० टक्के भरतो. पाणी अडवण्याखेरीज या थराला दुसरेही काम असते. कपाची उभी शिवण आणि तळ जोडण्यासाठी सहसा गोंद वापरत नाहीत. यंत्र त्या जागी उष्णता देते, पॉलिथिन मऊ होते आणि कडा एकमेकींना चिकटतात. थंड पेयांच्या कपांना अस्तर पुष्कळदा आतून आणि बाहेरून असे दुहेरी असते, कारण बर्फामुळे बाहेर जमणारे पाण्याचे थेंबही पुठ्ठा भिजवतात.

मिठाईचे खोके, लग्नपत्रिका आणि पुस्तकांची वेष्टने यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे छापून झालेल्या पुठ्ठ्यावर पॉलिप्रॉपिलिनची तयार फिल्म चिकटवतात. छापखान्यातील ‘ग्लॉस’ आणि ‘मॅट’ लॅमिनेशन ते हेच. चकाकी नसली म्हणजे प्लास्टिक नाही, असा समज ‘मॅट’ लॅमिनेशन सहज खोटा ठरवते, कारण ती फिल्म मखमलीसारखी मंद दिसते. चंदेरी पत्रावळी आणि द्रोणांवरील चमक चांदीची अर्थातच नसते, पण निव्वळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचीही नसते. प्लास्टिकच्या फिल्मवर ॲल्युमिनियमची वाफ बसवून केलेला तो अतिशय पातळ मुलामा असतो आणि अशी फिल्म हलक्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली असते. पळसाच्या पानांची पत्रावळ जेवणानंतर उकिरड्यावर कुजून जात असे. तिच्या जागी आलेली ही चंदेरी पत्रावळ तशीच उकिरड्यावर टाकली जाते आणि तेथेच राहते.

गिरणीत काय होते

असा कागद रद्दीबरोबर हायड्रापल्परमध्ये पडला की पाण्याला आत शिरण्यासाठी फक्त कापलेल्या कडा आणि अस्तर नसलेली बाजू उरते. दोन्ही बाजूंनी अस्तर असेल तर केवळ कडा. वर्तमानपत्र सुटे व्हायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात हा पुठ्ठा अर्धवटच भिजतो. पेय धरणाऱ्या पुठ्ठ्यात ओलेपणी टिकाव धरण्यासाठी काही वेळा रसायनेही घातलेली असतात, त्यामुळे त्याचे तंतू आणखी चिवटपणे एकत्र राहतात. टाकीत अधिक वेळ फिरवावे तर विजेचा खर्च वाढतो आणि आधीच सुट्या झालेल्या चांगल्या तंतूंचे नुकसान होते.

दरम्यान पात्याच्या माराने अस्तराचे तुकडे होतात. मोठे तुकडे दोऱ्या आणि तारांबरोबर गुंडाळले जाऊन बाहेर ओढता येतात. मधल्या आकाराचे तुकडे चाळण्यांवर साचतात, चाळण्या तुंबतात, यंत्र थांबवून त्या साफ कराव्या लागतात. प्रत्येक तुकड्याला चिकटून काही तंतूही बाहेर जातात, म्हणजे ज्या तंतूंसाठी रद्दी विकत घेतली तेच कचऱ्यात पडतात. सर्वांत त्रासदायक ठरतात ते चाळणीतून निसटणारे बारीक कण. लगद्याबरोबर ते पुढे जातात, वाळवणीच्या गरम रुळांवर मऊ होऊन चिकटतात, तयार कागदावर डाग किंवा भोके पाडतात. वेगाने धावणाऱ्या कागदाच्या पट्ट्यात असे एखादे भोक पडले की पट्टा तुटतो आणि यंत्र थांबते. लॅमिनेशनमधील चिकट द्रव्य यात आणखी भर घालते. गिरणीतील मंडळी प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा या चिकट कणांना अधिक घाबरतात, ते उगाच नव्हे.

गाळून काढलेल्या प्लास्टिकचे पुढे काय करायचे, हा निराळाच प्रश्न आहे. ते ओले असते, त्यात तंतू आणि माती मिसळलेली असते आणि प्लास्टिकचा कारखानाही ते घेत नाही. काही ठिकाणी ते सिमेंटच्या भट्ट्यांकडे इंधन म्हणून जाते. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर हे कागद गिरण्यांचे मोठे केंद्र आहे. तेथील गिरण्यांतून निघणारा असा कचरा परिसरातील गुऱ्हाळांमध्ये जाळला जात असल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत.

अशक्य की न परवडणारे?

‘प्लास्टिकचे अस्तर असलेल्या कागदावर पुनर्प्रक्रिया होत नाही’ हे विधान व्यवहारात खरे आहे, तंत्राच्या अंगाने मात्र अपुरे आहे. योग्य यंत्रणा असेल तर अस्तर वेगळे करता येते. वायव्य इंग्लंडमध्ये केंडलजवळ असलेल्या जेम्स क्रॉपर या जुन्या कागद गिरणीने २०१३ मध्ये केवळ कागदी कपांसाठी वेगळा विभाग सुरू केला. तेथे कप कोमट पाण्यात भिजवून मऊ केले जातात, प्लास्टिक बाजूला काढले जाते आणि उरलेल्या तंतूंपासून चांगल्या प्रतीचा कागद होतो. कपासाठी वापरलेला पुठ्ठा सहसा नव्या, लांब तंतूंचा असतो. त्यामुळे हे तंतू मिळाले तर गिरणीला ते हवेच असतात.

ते मिळत नाहीत, हीच मेख आहे. ब्रिटिश संसदेच्या पर्यावरण लेखापरीक्षण समितीने जानेवारी २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार त्या देशात दरवर्षी सुमारे २५० कोटी कागदी कप फेकले जात होते आणि त्यांपैकी ४०० मागे एकावरही पुनर्प्रक्रिया होत नव्हती. तंत्र उपलब्ध असलेल्या देशातील ही स्थिती होती.

भारतात या प्रकारच्या कागदापैकी तुलनेने बरी व्यवस्था फळांचे रस आणि दूध यांच्या खोक्यांची आहे. टेट्रा पॅक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खोक्यात पुठ्ठा, पॉलिथिन आणि ॲल्युमिनियमची पातळ पन्नी असे एकूण सहा थर असतात. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे तीन चतुर्थांश भाग पुठ्ठ्याचा असतो. असे खोके वेगळे गोळा करून उत्तराखंडातील खटिमा, महाराष्ट्रातील पालघर अशा ठिकाणच्या कारखान्यांकडे पाठवण्याची साखळी उभी राहिली आहे. काही ठिकाणी त्यांतील तंतू काढून उरलेल्या प्लास्टिक-ॲल्युमिनियमचे पत्रे केले जातात. काही ठिकाणी अख्खे खोके तुकडे करून, तापवून आणि दाबून फळ्या बनवल्या जातात. ही साखळी चालते ती खोका ओळखायला सोपा आहे आणि त्याच्या संकलनासाठी उत्पादकांनी पैसा घातला आहे म्हणून.

चहाच्या कपाला यांतले काहीच लाभलेले नाही. एका लहान कपाचे वजन अवघे काही ग्रॅम असते, म्हणजे एक किलो भरायला काही शे कप गोळा करावे लागतात. कचरावेचकाला मोबदला वजनावर मिळतो. कपात दूध-साखर उरलेली असते, दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो, मुंग्या लागतात, बुरशी धरते. पुण्यातील कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून काम करते आहे. तिच्या नावातच भंगाराच्या बाजारात ज्याला भाव आहे त्या वस्तूंची यादी आली आहे. अस्तराच्या कपाला त्या बाजारात भाव नाही आणि म्हणून तो कोणी उचलत नाही.

खतातही तो चालत नाही, हे येथेच सांगायला हवे. कागदी म्हणून कप आणि पत्रावळी ओल्या कचऱ्यात टाकल्या जातात. पुठ्ठा यथावकाश कुजतो, अस्तर कुजत नाही. खत चाळताना त्याचे मोठे पापुद्रे निघतात, लहान तुकडे खताबरोबर शेतात जातात.

घरच्या घरी ओळख

अस्तर ओळखण्यासाठी उपकरण लागत नाही, थोडा सराव मात्र लागतो. सर्वांत भरवशाची खूण फाडल्यावर मिळते. कागदाचा कोपरा सावकाश फाडावा. साध्या कागदाची फाटलेली कड खरखरीत असते आणि तिच्यावर तंतूंची पांढरी लव दिसते. अस्तर असेल तर कागद आधी फाटतो आणि त्याच्या मागून पातळ, पारदर्शक पापुद्रा ताणला जातो. कधी तो नखाने धरून लांबवर सोलता येतो. फाडताना कागद एका बाजूने फाटायला तयारच नसेल तर तेथे फिल्म आहे, असे समजायला हरकत नाही.

शंका उरली तर पाण्याची परीक्षा घ्यावी. तुकडा कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवून सकाळी बोटांत चोळावा. साध्या कागदाचा लगदा होतो. अस्तराच्या कागदातील पुठ्ठा सुटतो आणि हातात नितळ कातडीसारखी फिल्म राहते. चहाच्या कपावर हा प्रयोग केला तर पुठ्ठा निघून गेल्यावर मागे पातळ पारदर्शक कप उरतो. शाळेतील विज्ञानाच्या तासाला दाखवण्याजोगा हा प्रयोग आहे. पाण्याचा एक थेंब टाकून तो शोषला जातो का, हे पाहण्याची युक्तीही सांगितली जाते. ती अर्धवट आहे, कारण छपाईच्या पुष्कळ कागदांवर थेंब काही काळ तसाच उभा राहतो.

भेटवस्तूंच्या चमकदार वेष्टनासाठी मुठीत चुरगळण्याची रीत उपयोगी पडते. कागद चुरगळून सोडला की गोळा तसाच राहतो, प्लास्टिकचा अंश मोठा असेल तर तो हळूहळू उलगडतो. जाळून वास घेण्याचा सल्लाही काही जण देतात. तो टाळलेला बरा, घरात प्लास्टिकचा धूर करण्याचे कारण नाही.

सर्वाधिक गोंधळ चकाकीवरून होतो. मासिकांचा, दिनदर्शिकांचा आणि जाहिरातपत्रकांचा चकचकीत कागद बहुधा प्लास्टिकचा नसतो. त्यावर पांढऱ्या चिकणमातीचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप देऊन तो रुळांखाली घोटलेला असतो. हा लेप पाण्यात सुटतो आणि गिरणीत धुऊन निघतो. असे मासिक रद्दीत खुशाल द्यावे. त्याच मासिकाच्या मुखपृष्ठावर मात्र लॅमिनेशन असू शकते. ते फाडून पाहावे आणि पापुद्रा निघाला तर मुखपृष्ठ वेगळे करावे. शाळेच्या वह्या आणि पाठ्यपुस्तकांच्या वेष्टनांनाही हेच लागू आहे.

काही वस्तू हमखास फसवतात. कार्यालयात येणाऱ्या ए-फोर कागदाच्या रिमचे वेष्टन त्यांपैकी एक. आतले पाचशे कागद उत्तम रद्दी होतात, पण दमट हवेपासून त्यांना जपणाऱ्या वेष्टनाला बहुधा प्लास्टिकचे अस्तर असते. गेल्या काही दशकांतील रंगीत छायाचित्रांचा कागद दोन्ही बाजूंनी पॉलिथिनने मढवलेला असतो, त्यामुळे जुने अल्बम आवरताना निघालेले फोटो रद्दीत जाऊ नयेत. स्टिकर काढल्यावर उरणाऱ्या गुळगुळीत कागदावर सिलिकॉनचा लेप असतो. कुरिअरच्या कागदी पाकिटात आतून हवेच्या फुग्यांचे प्लास्टिक असेल तर ते सोलून वेगळे करावे, बाहेरचा कागद चालतो. आइस्क्रीमचे कप, झटपट नूडल्सचे कागदी कप आणि हॉटेलातून भाजी आणण्याचे कागदी डबे यांत अस्तर आहेच, असे धरून चालावे. जे भांडे कागदाचे असूनही रस्सा धरून ठेवते, त्याला आतून काहीतरी लावलेलेच असते.

वडापाव किंवा भजी वर्तमानपत्रात बांधून देण्याला अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांनी मनाई केली. शाईतील घातक द्रव्ये अन्नात जातात, हे त्याचे कारण. त्यानंतर ज्याला सरसकट ‘बटर पेपर’ म्हणतात तो कागद अधिक दिसू लागला. खरा तेलरोधक कागद प्लास्टिकविना होतो. लगदा इतका घोटला जातो की तंतूंमध्ये तेलाला वाटच उरत नाही. बाजारात त्याच नावाने अस्तराचा कागदही विकला जातो, तेव्हा नावावर न जाता फाडून पाहावे. तेलाने माखलेला कागद मात्र अस्तर असो वा नसो, रद्दीत चालत नाही.

दुकानातून आणि एटीएममधून मिळणाऱ्या पावत्या हा आणखी वेगळा प्रकार. त्यावर प्लास्टिक नसते, उष्णतेने काळे पडणाऱ्या रसायनांचा लेप असतो. नखाने जोरात रेघ ओढली आणि ती काळी उमटली की तो उष्णतासंवेदी कागद. ही रसायने पुनर्प्रक्रियेतून इतर कागदात उतरतात म्हणून या पावत्याही रद्दीबाहेरच ठेवायच्या.

कायद्याची भाषा

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये बहुस्तरीय वेष्टनाची व्याख्या आहे. मुख्य घटक म्हणून प्लास्टिकचा किमान एक थर आणि त्याच्या जोडीला कागद, पुठ्ठा किंवा धातूची पन्नी अशा पदार्थांचे थर असलेले वेष्टन, असा तिचा आशय. पुनर्प्रक्रिया न होणारी अशी वेष्टने दोन वर्षांत बंद करावीत, असे मूळ नियमांत म्हटले होते. २०१८ च्या दुरुस्तीने त्यात बदल झाला. ज्यावर पुनर्प्रक्रिया होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, तेवढ्यापुरतीच ही तरतूद उरली. जाळून ऊर्जा तर बहुतेक प्लास्टिकपासून मिळते. त्यामुळे या तरतुदीला फारसा दात उरला नाही. फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बहुस्तरीय वेष्टनांना स्वतंत्र वर्गात घालून त्यांच्या संकलनाची आणि विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादक, आयातदार व नाममुद्राधारकांवर टाकली आहे.

१ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आलेल्या एकल वापराच्या वस्तूंत प्लास्टिकचे कप, ग्लास, ताटल्या आणि चमचे आहेत. आतून प्लास्टिक असलेल्या कागदी कपाचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. साहजिकच बंदी घातलेल्या कपाची जागा त्याने घेतली, आणि ती पर्यावरणपूरक वस्तू म्हणून.

काही राज्ये याहून पुढे गेली. तमिळनाडूने १ जानेवारी २०१९ पासून लागू केलेल्या बंदीत प्लास्टिकचे अस्तर असलेले कागदी कप आणि कागदी ताटल्या यांचा नावानिशी समावेश केला. तमिळनाडू आणि पुदुच्चेरीतील कागदी कप उत्पादकांच्या संघटनेने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. कागद हा मुख्य घटक असताना या कपाला प्लास्टिक कसे म्हणायचे, हा या वादाचा गाभा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी कपांवरील बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली होती. जुलै २०२२ मध्ये तिच्यात दुरुस्ती करून प्लास्टिकचे अस्तर किंवा लॅमिनेशन असलेले कप, ग्लास, ताटल्या, वाट्या आणि डबे बंदीच्या कक्षेत आणले. हे कप तरीही चहाच्या टपऱ्यांवर आणि कार्यालयांत सर्रास दिसतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

गरम चहा आणि पर्याय

कपातील अस्तराचा प्रश्न कचऱ्यापुरता उरलेला नाही. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. सुधा गोयल आणि त्यांच्या संशोधक सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, ८५ ते ९० अंश सेल्सिअस तापमानाचे १०० मिलिलिटर पाणी कागदी कपात १५ मिनिटे ठेवले असता त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरल्याचे आढळले. एवढ्या वेळात अस्तराची झीज होते, असा त्याचा अर्थ. हे कण शरीरात जाऊन काय करतात, हे मोजणे हा त्या प्रयोगाचा भाग नव्हता.

पॉलिथिनऐवजी मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून बनवलेल्या पॉलिलॅक्टिक आम्लाचे अस्तर असलेले कप आता मिळतात. ते ‘कुजणारे’ म्हणून विकले जातात. ते कुजतात, पण सुमारे ६० अंश तापमान टिकवून ठेवणाऱ्या औद्योगिक खत प्रकल्पात. परसातील खड्ड्यात तितकी उष्णता राहत नाही. भारतात अशा वस्तूंना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि तसा मजकूर वस्तूवर असावा लागतो. तो नसेल तर नुसत्या हिरव्या पानाच्या चित्राला अर्थ नाही. डोळ्यांना हा कप आणि पॉलिथिनचा कप सारखेच दिसतात, रद्दीला दोन्ही सारखेच वर्ज्य. पाण्यात मिसळलेल्या लेपाचे, हायड्रापल्परमध्ये सहज सुटणारे अस्तरही विकसित झाले आहे, पण ग्राहकाला ते बाहेरून वेगळे ओळखता येत नाही.

मातीच्या कुल्हडाचा प्रयोग रेल्वेने २००४ मध्ये आणि नंतरही केला. कुल्हड प्लास्टिकमुक्त आहे, परंतु भाजलेली माती मातीत लवकर मिसळत नाही आणि भट्टीला इंधन लागते, हेही विसरता येत नाही. मुंबईतला कटिंग चहा ज्यात मिळतो तो काचेचा छोटा ग्लास धुऊन शेकडो वेळा वापरला जातो. पाण्याची आणि धुणाऱ्या हातांची सोय असेल तेथे त्याच्याशी बरोबरी करणारे दुसरे काही नाही.

घरातील व्यवस्थेपुरते बोलायचे तर अस्तराचा कागद सुक्या कचऱ्यात, पण रद्दीपासून वेगळा ठेवावा. कप किंवा डबा असेल तर विसळून, कोरडा करून द्यावा. रसाचे आणि दुधाचे खोके चपटे करून स्वतंत्र ठेवले तर ते वेचणाऱ्याला उपयोगी पडतात. लग्नपत्रिकेचे आतले पान साधे असेल तर ते रद्दीत आणि वेष्टन बाहेर. हे काम घरात काही सेकंदांचे आहे. गिरणीच्या दारात तेच काम गासडी फोडून, हाताने चाळून करावे लागते. तेथे रद्दीचा भाव ठरताना आधी ओलाव्याची आणि मग प्लास्टिकची वजावट केली जाते. ही वजावट गिरणीकडून ठोक व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून भंगारवाल्याकडे आणि शेवटी पोतं पाठीवर घेऊन आलेल्या कचरावेचक बाईच्या हिशेबात उतरते.